ही नोंद माझी नाही

माझी मूत्रपिंडं बंद पडली ती माझ्याच शहाणपणानं, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढं मी लोकांना नावं ठेवायला लागलो की वाटायचं, हा स्वतः मोठा धुतल्या तांदळासारखा. मे महिन्यात माळशिरसकडं पुतण्याचं लग्न होतं. भर उन्हात मांडव, मांडवावर पत्रे आणि पत्र्यांखाली आम्ही. दुसऱ्या दिवशी मला जुलाब लागले. त्यात गुडघे ठणकत होते म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि दिवसाला तीन याप्रमाणे चार दिवस खाल्ल्या. पाणी प्यायलं की जुलाब वाढतात असं माझं ठाम मत होतं, म्हणून पाणीही जवळजवळ बंद केलं. पाचव्या दिवशी लघवी थांबली. तेव्हासुद्धा मी बायकोला म्हणालो, पाणीच पीत नाही तर लघवी येणार कुठून, यात घाबरण्यासारखं काय आहे?

सोलापुरात आणेपर्यंत माझे डोळे सुजून बारीक झाले होते. दवाखान्यात गळ्याच्या शिरेत नळी घातली आणि यंत्रावर रक्त धुतलं, असं सहा वेळा. तिसऱ्या आठवड्यात लघवी पुन्हा सुरू झाली. तरुण डॉक्टर खाटेशी येऊन म्हणाले, "मूत्रपिंडं मेली नव्हती काका, रुसली होती." आजारी माणसाशी बालवाडीतल्या मुलासारखं कसं बोलायचं, याचा एक तास डॉक्टरकीत ठेवलेला असावा. मी विचारलं, "मग आता गेला का रुसवा?" तर म्हणाले, "अर्धा गेलाय."

उरलेल्या अर्ध्यासाठी नळी जागच्या जागी ठेवायची ठरली. गळ्याच्या हाडाखाली तिची दोन तोंडं लोंबायची, त्यावर पांढरी पट्टी. पाणी लागू द्यायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, शर्टाचं वरचं बटण लावायचं नाही. सहा आठवडे सगळे आकडे चांगले आले तर नळी काढणार. बिघडले तर पुन्हा यंत्र, आणि मग हाताच्या शिरेवर शस्त्रक्रिया करून जन्माची सोय. मला दुसरं काहीही नको होतं. ती नळी निघावी आणि सोलापूरच्या त्या उकाड्यात डोक्यावरून चार तांबे पाणी ओतून घेता यावं, एवढीच इच्छा उरली होती.

आकडे कुणी बघायचे, तर दवाखान्यानं. आणि तेही आम्ही घरी असताना. आमच्यासारख्या बऱ्या होत चाललेल्या रुग्णांवर घरबसल्या नजर ठेवायची नवी योजना त्यांनी काढली होती. पहिल्या तुकडीत आम्ही पाचजण. प्रत्येकाला एक निळी पिशवी आणि एक गुलाबाचं फूल देताना फोटो काढले. टाय लावलेले एक मॅनेजर होते, त्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं आणि फोटोत नळी दिसायला नको म्हणून माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. नळीवर नजर ठेवायचा कार्यक्रम, आणि नळी तेवढी कुणाला दिसता कामा नये! टॉवेल मात्र चांगला होता. काठ सरळ होता.

टॉवेलचं मला कळतं. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होतो. माल उजेडात धरायचा, तुटलेली तार, तेलाचा डाग, वाकडा काठ शोधायचा आणि सापडला की 'सेकंड'च्या ढिगात फेकायचा. टॉवेल हातात घेतल्यावर तो वीस ग्रॅमनं हलका आहे की काय, हे मला काट्यावर न ठेवता सांगता यायचं. तीस वर्षं मला दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळाला. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, चुका काढणं थांबलं नाही. बायको म्हणते, मी देवळात गेलो तरी देवाच्या कपड्यावरची गाठ बघून येतो.

तर निळ्या पिशवीत बीपीचं मशीन होतं, काचेचा चपटा वजनकाटा होता, लघवी मोजायचं खुणा केलेलं प्लॅस्टिकचं भांडं होतं आणि एक मोबाइल होता. सकाळी उठून लघवीला जाऊन यायचं आणि काट्यावर उभं राहायचं. मग बीपी. काट्याचा आणि मशीनचा आकडा आपोआप मोबाइलमध्ये जायचा आणि तिथून दवाखान्यात. लघवी किती, पाणी किती, हे आपण बोटानं भरायचं. सोबत एक जाड कार्ड होतं, त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं: दोन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर ती चरबी नव्हे, ते अंगात साठलेलं पाणी आहे. पायावर सूज दिसेल, अंगठा दाबला तर खड्डा राहील, धाप लागेल. वाट बघू नका, फोन करा. डॉक्टरांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि मग कार्ड पालथं ठेवून तोंडपाठ म्हणायला लावलं. मी एकही शब्द न चुकता म्हणून दाखवलं.

मोबाइल तर डोक्यातच जायचा. लघवीचा आकडा भरला की पडद्यावर हिरवा अंगठा यायचा आणि खाली अक्षरं, 'शाब्बास! तुम्ही उत्तम काम करत आहात.' कारखान्यात तीस वर्षांत मालक मला कधी शाब्बास म्हणाला नाही, आणि इथं भांड्यात लघवी केली म्हणून कौतुक. पाण्याचा आकडा भरला की पुन्हा शाब्बास. एक दिवस रागानं मी काहीच भरलं नाही, तर संध्याकाळी आलं, 'आम्हाला तुमची आठवण येते.' मी मोबाइल पालथा घातला.

पण खरा वैताग मोबाइलचा नव्हता, माणसांचा होता. आमची लाइन म्हणजे एका ओळीत दहा खोल्या आणि पुढं सलग ओटा. कुणाच्या घरात नवी वस्तू आली की ती लाइनीची होते. एकाचा मिक्सर दहा घरांची चटणी वाटतो. इथं तर घरात चक्क वजनकाटा आणि बीपीचं मशीन आलेलं, आणि तेही आकडा दाखवणारं. पहिल्याच दिवशी मला भेटायला म्हणून आलेल्यांनी माझी विचारपूस उंबऱ्यात उरकली आणि काट्यापुढं रांग लावली. काहीजण येताना शहाळं आणायचे. शहाळं मला बंद होतं, हे ऐकल्यावर चुकचुकून ते स्वतःच प्यायचे आणि मग काट्यावर चढून बघायचे, किती भरलं. बायको कौतुकानं एकेकाच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होती. मी खाटेवरून ओरडलो, तर म्हणते कशी, "आवं, बघू द्या की. काटा काय झिजतोय व्हय?"

काटा झिजत नव्हता, पण प्रत्येक आकडा माझ्या नावानं दवाखान्यात जाऊन पडत होता. दुपारी तिथल्या सिस्टरचा फोन आला. ती जेऊरकडची. कामाचं बोलताना शहरी बोलायची आणि चिडली की गावाकडचं. म्हणाली, "काका, सात वाजता तुमचं वजन एकसष्ट आहे. दहाला चौऱ्याऐंशी. सव्वादहाला सत्तेचाळीस. तुमी घरीच हाय ना?" मी तिला सगळा प्रकार सांगितला. ती हसत सुटली. मग तिनं मला एक बटण दाखवलं. प्रत्येक आकड्यापुढं ते होतं: 'ही नोंद माझी नाही.' ते दाबलं की आकडा पुसला जायचा, यादीत नुसती खोडलेली ओळ राहायची. त्या दिवशी मी ते बटण अकरा वेळा दाबलं. कारखान्यात सेकंडचा माल फेकताना व्हायचं तेवढंच समाधान झालं.

मग मी लाइनीत जाहीर करून टाकलं की काट्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. लोकांना राग आला. समोरच्या खोलीतले गृहस्थ म्हणाले, आजारानं स्वभाव बिघडला बिचाऱ्याचा. स्वभाव आधीपासून असाच होता, पण आजाराला दोष देणं त्यांना सोपं गेलं. हळूहळू सगळे यायचे थांबले. एक सोडून.

आमच्या शेजारच्या खोलीत अक्का राहतात. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. नवरा मागावर कामाला, मुलगी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात, आणि अक्का घरी सूप मांडीवर घेऊन दिवसभर बिड्या वळतात. माझ्या आजारपणात तीन आठवडे आमच्या घरचं पाणी त्यांनी भरलं होतं, हे मला माहीत होतं आणि त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. सकाळी आठच्या सुमाराला बायको ओल्या फडक्यानं माझं अंग पुसायची, कारण अंघोळ बंद होती. तेवढ्यात अक्का आत येऊन हळूच काट्यावर चढायच्या. पडद्याआड मी उघडा बसलेला, त्यामुळं मला ओरडायचीही सोय नव्हती.

अक्कांना वजन उतरवायचं होतं. बिड्यांचा माल द्यायला जातात तिथल्या बायकांनी त्यांना म्हणे सुटलीस म्हणून चिडवलं होतं. म्हणून त्यांनी रात्रीचा भात सोडला. आणि काटा सांगत होता की वजन चढतंय.

"अण्णा, दोन घास कमी केलं तरी वाढतंय की," त्या पडद्यापलीकडून म्हणायच्या. त्यांच्या आवाजात खरीखुरी बुचकळ्यात पडल्याची खूण असायची. मी आतून म्हणायचो, "रात्री भात सोडलाय, पण दुपारी दोन वेळचा खात असाल." त्या हसायच्या. बायकोही हसायची, आणि माझं हसू तर दिवसभर टिकायचं. मग अंगात सदरा घालून मी बाहेर यायचो, मोबाइल उघडायचो आणि त्यांचा आकडा पुसायचो.

आता हे मात्र मुद्दाम लिहायला पाहिजे की त्यांचं आणि माझं वजन सुरुवातीला जवळपास सारखं होतं. माझं एकसष्ट, हलत नव्हतं. त्यांचं पहिल्या दिवशी साठ आणि चारशे ग्रॅम. म्हणून दवाखान्याला ते माझंच वाटायचं. चौऱ्याऐंशी किलोचा माणूस मी नाही, हे सिस्टरला कळायचं; त्रेसष्ट मात्र मी असू शकत होतो. तिचा फोन यायचा. "काका, दोन दिवसांत दोन किलो वाढलंय. पायाला सूज हाय का? धाप लागती का?" मी म्हणायचो, "अहो माझं नाही ते. शेजारीण आहे. खाण्याची हौस आहे आणि वजनाचीही आहे." ती बरं म्हणून फोन ठेवायची. एका फोनवर मी तिला कार्डावरचा नियम पुन्हा म्हणून दाखवला, मला अक्कल आहे हे कळावं म्हणून. दोन दिवसांत दोन किलो, ती चरबी नव्हे. हे मी फोनवर म्हणत होतो आणि समोर ओट्यावर अक्का पाय पसरून बसल्या होत्या.

त्याच आठवड्यात अक्कांनी पायातली जोडवी काढली. रुततात म्हणाल्या. साबण लावून निघेनात, तेव्हा मुलीनं पक्कडीनं तोडून काढली. लाइनीत हाहाकार. नवरा चांगला धडधाकट कामाला जातोय आणि बाईनं जोडवी उतरवली! दोन दिवस बायकांना दुसरा विषय नव्हता. माझ्या बायकोनंही त्यांना चार शब्द ऐकवले. शेवटी अक्कांनी सगळ्यांच्या समाधानासाठी बोटांना हळदीचा दोरा बांधला. तो दोरा बघायला नऊ खोल्यांतल्या बायका वाकल्या, आणि एकीलाही पाय दिसला नाही. कसलं हे बघणं!

मला दिसला होता. दोऱ्याच्या दोन्ही अंगांना बोटं टम्म झाली होती. पाऊल आणि नडगी एकसारखी, घोटा कुठं आहे ते कळत नव्हतं. मी रोज सकाळी माझ्या नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का ते बघत होतो, नाही राहिला की मनात शाबासकी घेत होतो. अक्कांच्या पायाकडं बघून मला वाटलं, दिवसभर मांडी घालून बसल्यावर दुसरं काय होणार. एवढंच वाटलं. कारखान्यात उजेडात धरलेल्या टॉवेलची एक तार चुकू दिली नाही मी, असं अजूनही लोकांना सांगतो.

मग तो दिवस आला. सहा आठवडे भरत आले होते आणि माझे सगळे आकडे चांगले होते. रक्ताची तपासणी चांगली होती. दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर मोबाइलमधली यादी बघता बघता एका आकड्याशी थांबले. आदल्या दिवशी मी एक नोंद पुसायला विसरलो होतो. बायकोनं अक्कांच्या दंडाला पट्टा बांधला होता आणि बीपी आलं होतं एकशे शहाण्णव. मी सांगितलं, शेजारणीचं आहे. डॉक्टर म्हणाले, "असेल. पण यादीत इतक्या नोंदी खोडलेल्या आहेत की कुठली तुमची आणि कुठली नाही, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. अजून दोन आठवडे बघू. नळी राहू दे."

मी संतापानं बाहेर आलो. सिस्टर मागं मागं आली. "काका, आन् ते बीपी ज्यांचं कुणाचं असंल, त्यास्नी हिकडं पाठवा की. एकशे शहाण्णव म्हंजे गंमत न्हाय." मी म्हटलं, "व्हय, सांगतो." रिक्षात बसलो आणि घरापर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, दोन आठवडे. चौदा दिवस तो पांढरा बोळा गळ्यात घेऊन बसायचं, आणि का, तर एका बाईला भात खाऊन वजन करायची हौस. सिस्टरचा निरोप मी विसरलो नव्हतो. मला तो द्यायचाच नव्हता. दिला असता तर त्यांना वाटलं असतं, मला त्यांची काळजी आहे.

घरी आल्या आल्या काटा आणि मशीन उचललं, लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. दुसऱ्या दिवशी आठ वाजता अक्का आल्या, जमिनीवर रिकामी जागा बघितली आणि म्हणाल्या, "अण्णा, काटा कुटं गेला?"

मी पडद्याआडून म्हटलं, "तुमच्या वजनानं मोडला."

त्या हसल्या नाहीत. "अय्यो" म्हणून निघून गेल्या. त्यानंतर वजनासाठी कधी आल्या नाहीत. मला वाटलं, चला, एकदाचं समजलं. त्या दोन आठवड्यांत माझ्या यादीत दिवसाला एकच वजन होतं, एकसष्ट, एकसष्ट, साठ आठशे, एकसष्ट, अगदी एका मापाचा माल. डॉक्टरांनी यादी बघितली आणि तिथल्या तिथं नळी काढली. दहा मिनिटं दाबून धरलं, पट्टी लावली, झालं. टाय लावलेले मॅनेजर पुन्हा फोटोला आले आणि या वेळी त्यांनी मला गळा मोकळा ठेवायला सांगितलं. आता दाखवायला काहीच नव्हतं ना.

जखम भरल्यावर मी डोक्यावरून पाणी घेतलं. चार तांबे म्हणता म्हणता आख्खी बादली संपवली. मी न्हाणीत असतानाच बाहेर गलका झाला. टॉवेल गुंडाळून आलो तेव्हा अक्कांना रिक्षात बसवत होते. आडवं पडलं की श्वास कोंडत होता म्हणून तीन दिवस त्या भिंतीला टेकून बसून होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांचा चेहरा सुजला होता. डोळे बारीक झाले होते. असे डोळे मी मे महिन्यात आरशात बघितले होते.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. बायको म्हणाली नसती तरी गेलो असतो, असं आता म्हणतो. खरं काय ते मला माहीत नाही. अक्का खाटेवर उशांना टेकून होत्या आणि गळ्याच्या हाडाखाली पांढरी पट्टी होती. मूत्रपिंडांना आतून सूज आली होती, गेले काही आठवडे ती कमी कमी काम करत होती आणि अंगात पाणी साठत होतं. मला बघून त्यांनी मुलीला तेलुगूत सांगितलं, अण्णांना बसायला दे. मी बसलो. मग त्या दम घेत घेत म्हणाल्या, "अण्णा, तुमचा काटा मोडला माझ्यामुळं. तुमची नळी काढायचं पण लांबलं म्हणं. तुमी मनावर घेऊ नका."

मी मनावर घेऊ नको! कुणाला तोडून बोलायला मला आजवर कधी शब्द शोधावा लागला नव्हता, आणि तिथं 'काटा मोडलेला नाही' हे तीन शब्द तोंडातून निघेनात.

तेवढ्यात डॉक्टर आले, माझेच. मला तिथं बघून त्यांनी मान हलवली आणि मुलीला विचारलं, "सूज कधीपासून आहे? वजन कधीपासून वाढायला लागलं, काही सांगता येईल? कुठं लिहून ठेवलंय का?" मुलगी गोंधळली. ती सकाळी कामाला जाते ती अंधार पडता येते. म्हणाली, आई म्हणायची जाड होतेय, आम्हाला वाटलं वयानं. लिहून कुठं ठेवणार? घरात काटा नाही.

मी म्हटलं, "साठ चारशे." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "पहिल्या दिवशी साठ चारशे. तिसऱ्या दिवशी एकसष्ट नऊशे. मग त्रेसष्ट दोनशे. पासष्टवर गेलं तेव्हा जोडवी काढली. बीपी एकशे शहाण्णव, ते तुम्ही बघितलंय. त्यानंतरचं मला माहीत नाही, काटा मी कपाटात ठेवला होता." वारही सांगितले. कुठल्या वारी किती, सगळं सांगितलं. डॉक्टर लिहून घेत होते. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कसं माहीत?"

"रोज मीच पुसत होतो," मी म्हटलं.

डॉक्टर कागदाकडं बघत मुलीला म्हणाले की या तारखांना आणलं असतं तर बहुतेक गोळ्यांवर भागलं असतं, आता काही महिने यंत्र लागेल आणि पुढचं पुढं बघू. अक्कांनी डोळे मिटले होते, त्यांनी ऐकलं की नाही मला कळलं नाही. मी उठलो आणि बाहेरच्या बाकापर्यंत आलो. मुलगी मागून आली. तिच्या हातात दवाखान्यानं दिलेलं लाल अक्षरांचं तेच कार्ड होतं आणि डॉक्टरांनी लिहिलेला तो कागद, वर ओळीनं माझे आकडे. म्हणजे अक्कांचे.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं. दोन किलोचं, सुजेचं, सगळं. मग आम्हाला का नाही सांगितलं?"

ती भांडत नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. सांगायला मला पुष्कळ काही होतं, नळीचं, दोन आठवड्यांचं, लाइनीतल्या लोकांचं, मोबाइलचं. त्यातलं काहीच मी सांगितलं नाही. तिच्याकडं बघून मी जे खरं होतं ते सांगितलं.

"मला हसू येत होतं, बाळ."